‘नस दबली आहे, ऑपरेशन लागेल’ असं सांगितलंय? थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमबद्दल सही करण्याआधी हे वाचा

हात वर केला की मुंग्या येतात. रात्री झोपेत हात जड होतो, झटकून झटकून जागा करावा लागतो. फवारणीचा पंप पाठीवर घेतला की खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ जाते. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मानेला पट्टा लावायला सांगितला, तरी फरक नाही. शेवटी शहरात दाखवलं आणि तिथल्या डॉक्टरांनी कागदावर एक अवघड नाव लिहून दिलं : थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम. वर हेही सांगितलं, की कदाचित ऑपरेशन करून बरगडी काढावी लागेल.

बरगडी काढायची म्हटल्यावर घरात सगळेच घाबरतात. एक जण म्हणतो, लगेच करून टाका. दुसरा म्हणतो, अजिबात नको, हात कायमचा जाईल. दोघांचंही पूर्ण खरं नाही. ऑपरेशन करायचं की नाही आणि किती घाईनं करायचं, हे एका प्रश्नावर ठरतं : दबलंय नेमकं काय?

आपण बोलताना सगळ्यालाच ‘नस’ म्हणतो. पण शरीरात तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मेंदूचा निरोप हातापर्यंत नेणारे चेतातंतू, हृदयाकडून हाताला रक्त नेणारी धमनी आणि हातातलं रक्त परत हृदयाकडे आणणारी शीर. या आजारात तिन्हींपैकी काहीही दबू शकतं. काय दबलं यावर उपचार बदलतो. एका प्रकारात सुगी होईपर्यंत थांबलं तरी चालतं, दुसऱ्या प्रकारात दोन दिवस थांबणंही महागात पडतं.

हा आजार नेमका कुठे होतो?

स्वतःच्या गळ्याखाली हात लावून बघा. मानेपासून खांद्याकडे जाणारं आडवं हाड लागतं, त्याला कॉलर बोन म्हणतात. त्याच्या खाली, आत, छातीची पहिली म्हणजे सगळ्यात वरची बरगडी असते. या दोन हाडांच्या आणि मानेच्या बाजूच्या स्नायूंच्या मधे एक अरुंद वाट आहे. हाताकडे जाणारे सगळे चेतातंतू, धमनी आणि शीर याच वाटेनं काखेकडे उतरतात.

ही वाट मुळातच चिंचोळी आहे. हात वर केला, खांदे मागे ओढले किंवा खांद्यावर ओझं घेतलं की ती आणखी आवळते. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. पण काहींची वाट जन्मापासून जास्त अरुंद असते, काहींची अपघातानंतर किंवा वर्षानुवर्षांच्या कामानं होते. मग आतल्या गोष्टी दाबल्या जातात आणि त्रास सुरू होतो.

काही लोकांना मानेच्या सगळ्यात खालच्या मणक्याला एक जादा बरगडी असते. तिला सर्व्हायकल रिब म्हणतात. साधारण शंभरात एकाला किंवा त्याहूनही कमी जणांना ती असते, आणि असणाऱ्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीच त्रास होत नाही. म्हणून एक्स-रेमध्ये जादा बरगडी दिसली म्हणजे लगेच ऑपरेशन, असं नाही. त्रास आहे का आणि तो त्या बरगडीमुळेच आहे का, हे आधी बघावं लागतं.

कोणाला होण्याची शक्यता जास्त?

- हात डोक्याच्या वर ठेवून तासन्‌तास काम करणारे : छताला प्लास्टर करणारे गवंडी, रंगारी, वायरमन, झाडावरची फळं उतरवणारे.
- खांद्यावर आणि डोक्यावर वजन वाहणारे : हमाल, उसाच्या मोळ्या उचलणारे तोडणी कामगार, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे.
- जोरात चेंडू फेकणारे, जड वजनं उचलणारे, पोहणारे तरुण खेळाडू.
- ज्यांची मान अपघातात झटक्यानं पुढे-मागे झाली किंवा कॉलर बोन मोडून वेडंवाकडं जुळलं.
- खांदे पुढे पाडून, मान खाली घालून तासन्‌तास बसणारे. शिलाई मशीनवरच्या बाया आणि मोबाईलमध्ये डोकं घालून बसणारी पोरं, दोघंही यात आले.

तीन प्रकार ओळखा

पहिला प्रकार : चेतातंतू दबणे. दहापैकी नऊपेक्षा जास्त रुग्ण याच प्रकारचे असतात. डॉक्टर याला न्यूरोजेनिक म्हणतात. मान, खांदा आणि हात दुखतो. हाताच्या आतल्या बाजूनं मुंग्या येतात, त्या बहुतेक वेळा करंगळी आणि अनामिकेपर्यंत जातात. केस विंचरताना, दोरीवर कपडे टाकताना, एसटीत वरचा दांडा धरून उभं राहिल्यावर त्रास वाढतो, हात खाली घेतला की कमी होतो. पकड कमजोर होते, हातातून वस्तू सुटते. फार दिवस दबून राहिलं तर तळहाताचं, विशेषतः अंगठ्याखालचं मांस आटायला लागतं. हा प्रकार त्रासदायक असतो, पण जिवावरचा नसतो.

दुसरा प्रकार : शीर दबणे. हा व्हीनस प्रकार. शंभरात तीन ते पाच रुग्णांना होतो. शीर पुन्हा पुन्हा दाबली जाऊन तिच्यात रक्ताची गुठळी होते. बहुतेक वेळा धडधाकट तरुण माणूस एखाद दिवस हाताचं खूप जोराचं काम करतो आणि दुसऱ्या दिवशी उठतो तर अख्खा हात सुजलेला, जड, निळसर झालेला. खांद्यावर, छातीवर शिरा फुगून दिसतात. जेम्स पॅजेट यांनी १८७५ मध्ये आणि लिओपोल्ड फॉन श्रोएटर यांनी १८८४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून याला पॅजेट-श्रोएटर सिंड्रोम असंही नाव आहे. तुमच्या कागदावर ते नाव असेल तर हाच प्रकार समजा.

तिसरा प्रकार : धमनी दबणे. हा आर्टेरियल प्रकार. शंभरात जेमतेम एखाद्याला होतो, पण सगळ्यात धोक्याचा. याच्या मुळाशी जवळजवळ नेहमी जादा बरगडी किंवा हाडाचा दोष असतो. धमनी घासली जाऊन फुगते, आत गुठळ्या तयार होतात आणि त्यांचे तुकडे वाहत बोटांत जाऊन अडकतात. हात गार पडतो, बोटं पांढरी पडतात, काम करताना हात लगेच थकतो, बोटांच्या टोकांना न भरणाऱ्या जखमा होतात किंवा टोकं काळी पडतात.

या तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. जे. आर. रिचर्ड हा ह्यूस्टन संघाचा बेसबॉलपटू होता. तिथल्या अतिवेगवान चेंडू फेकणाऱ्यांत त्याची गणना व्हायची. १९८० च्या हंगामात तो सांगू लागला, की माझा हात मेल्यासारखा होतो. काहींनी त्याला आळशी ठरवलं. तपासणीत उजव्या हाताच्या धमनीत गुठळी सापडली, तरी हलका सराव चालेल असं ठरलं. ३० जुलै १९८० रोजी सराव करताना तो मैदानातच कोसळला. त्याला पक्षाघाताचा झटका आला होता. त्याच्या मुळाशी हाच थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम होता. वय अवघं तीस. तो पुन्हा कधी मोठ्या सामन्यात उतरू शकला नाही.

आपल्याकडेही ‘हात दुखतो म्हणतो, कामाचा कंटाळा असेल’ असं घरातलेच म्हणतात. हात गार पडतो, बोटं पांढरी होतात असं कोणी सांगत असेल, तर ते नाटक समजू नका.

ही लक्षणं दिसली तर दिवस काढू नका

- हात अचानक सुजला, निळसर झाला.
- हात गार, पांढरा पडला, मनगटावर नाडी लागत नाही.
- बोटाचं टोक काळं पडलं.
- हात सुजलेला असतानाच धाप लागली, छातीत दुखलं. गुठळी फुप्फुसात गेलेली असू शकते.
- तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली.
- छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ. हे हृदयविकाराचं लक्षण असू शकतं. ‘माझी तर नस दबलेली आहे’ म्हणून घरी थांबू नका.

अशा वेळी १०८ ला फोन लावा आणि मोठ्या रुग्णालयात जा. आणखी एक महत्त्वाची गोष्ट : सुजलेल्या हाताला तेल लावून चोळू नका, कुणाकडून मालिश करून घेऊ नका. आत गुठळी असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते.

आधी दुसरे आजार नाहीत ना, ते बघा

हाताला मुंग्या येण्याची कारणं भरपूर आहेत आणि त्यातली बरीच या आजारापेक्षा जास्त आढळतात. म्हणून ऑपरेशनची भाषा सुरू होण्याआधी ही कारणं वगळलेली असली पाहिजेत.

मानेच्या मणक्यातली गादी सरकली असेल तरी हातात कळ जाते. मनगटात चेतातंतू दबला असेल तर मुंग्या अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांना जास्त येतात, त्याला कार्पल टनेल म्हणतात. कोपरात दबला असेल तर करंगळी बधिर होते. खांद्याच्या सांध्याचा आजार, मधुमेहामुळे होणारा बधिरपणा, ब जीवनसत्त्वाची कमतरता यांतही असंच काहीसं वाटतं.

दोन गोष्टी आपल्या भागात विशेष लक्षात ठेवायच्या. पहिली कुष्ठरोग. त्यात कोपरामागची नस जाड होते, करंगळीकडची बाजू बधिर होते, बोटं वाकडी व्हायला लागतात. अंगावर कुठे न खाजणारा, बधिर, फिकट चट्टा असेल तर लाजू नका, डॉक्टरांना दाखवा. प्राथमिक आरोग्य केंद्रात यावर मोफत औषध मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. दुसरी गोष्ट तंबाखू, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांसाठी. फुप्फुसाच्या अगदी वरच्या टोकाला झालेली गाठ याच चेतातंतूंवर दाब देते. खांदादुखीसोबत वजन घटत असेल, खोकला जात नसेल किंवा एका डोळ्याची पापणी खाली आली असेल, तर छातीचा एक्स-रे टाळू नका.

तपासण्या कोणत्या होतात?

साधारणपणे मान आणि छातीचा एक्स-रे, म्हणजे जादा बरगडी किंवा गाठ दिसते. मानेचा एमआरआय, म्हणजे मणक्याचा दोष कळतो. चेतातंतूंचा वेग मोजणारी नर्व्ह कंडक्शन आणि ईएमजी तपासणी. शीर किंवा धमनीचा संशय असेल तर हाताची डॉप्लर सोनोग्राफी आणि गरजेप्रमाणे सीटी अँजिओग्राफी. काही ठिकाणी मानेच्या स्नायूत भूल देणारं इंजेक्शन देऊन बघतात. त्यानं थोडा वेळ आराम पडला, तर दाब तिथेच असल्याची शक्यता वाढते.

डॉक्टर तुमचे दोन्ही हात वर करून तीन मिनिटं मुठी उघडा-मिटायला सांगतील. या आजारात बहुतेकांना तेवढा वेळ हात वर धरवत नाही. हात मागे घेऊन, मान वळवून मनगटाची नाडी जाते का, तेही बघतात. मात्र अशी नाडी जाणं बऱ्याच निरोगी माणसांतही दिसतं. नुसत्या तेवढ्यावर कोणी ऑपरेशन ठरवत असेल तर थांबा.

शीर आणि धमनीचा आजार डॉप्लर, सीटीमध्ये स्पष्ट दिसतो. चेतातंतूंच्या प्रकारात मात्र पक्का निकाल देणारी एकही तपासणी नाही. बऱ्याच रुग्णांचे रिपोर्ट नॉर्मल येतात. म्हणून तिथे डॉक्टरांचा अनुभव, हातानं केलेली तपासणी आणि तुम्ही सांगितलेली नीट हकीकत यालाच जास्त महत्त्व आहे. त्रास कधी होतो, कोणत्या बोटात होतो, कोणत्या कामानं वाढतो, हे आठ-पंधरा दिवस वहीत लिहून ठेवा आणि सोबत न्या.

चेतातंतूंच्या प्रकारात आधी व्यायाम

पहिल्या प्रकारात ऑपरेशन ही पहिली पायरी नाही. आधी साधारण तीन ते सहा महिने नीट फिजिओथेरपी घ्यायची असते. खांदे मागे आणि वर धरून ठेवणारे पाठीचे स्नायू बळकट करणं, मानेच्या बाजूचे आणि छातीचे आवळलेले स्नायू सैल करणं, पोटानं श्वास घेणं, बसण्या-उभं राहण्याची ठेवण सुधारणं हे त्यात येतं. बऱ्याच रुग्णांना एवढ्यानंच आराम पडतो.

इथे एक अडचण नेहमी येते. चार दिवस शेक घेतला, मशीन लावली, बरं वाटलं नाही म्हणून सोडून दिलं, आणि मग ‘फिजिओथेरपीचा उपयोग झाला नाही’ असं डॉक्टरांना सांगितलं. याला फिजिओथेरपी झाली म्हणत नाहीत. रोज तालुक्याला जाणं जमत नसेल तर पहिले काही दिवस जिल्हा रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, घरी रोज करा आणि ठरलेल्या दिवशी दाखवायला जा. यूट्यूबवर बघून जड वजनाचे व्यायाम सुरू करू नका. चुकीच्या व्यायामानं त्रास वाढतो.

सोबत कामाच्या पद्धतीत बदल करा. पंप पूर्ण भरण्याऐवजी अर्धा भरा, दोन फेऱ्या जास्त झाल्या तरी चालतील. पट्टे रुंद आणि मऊ ठेवा. पोती खांद्यावर घेण्याऐवजी हातगाडी वापरा. वरचं काम करताना उंच घोडा किंवा शिडी घ्या, म्हणजे हात डोक्याच्या वर जाणार नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून थांबा. झोपताना हात उशाशी किंवा डोक्यावर घेऊ नका. वजन जास्त असेल तर कमी करा.

मग ऑपरेशन कधी?

चेतातंतूंच्या प्रकारात : काही महिने नीट व्यायाम करूनही रोजचं काम अशक्य होत असेल, पकड कमी होत चालली असेल किंवा हाताचं मांस आटू लागलं असेल, आणि दुसरी कारणं वगळलेली असतील तर. मांस आटायला लागलं असेल तर फार लांबवू नका, कारण वेदना आणि मुंग्या ऑपरेशननं कमी होऊ शकतात, पण आटलेलं मांस पूर्ण परत येईलच असं नाही. बाकी वेळी मात्र पेरणी, कापणी, घरातलं लग्न बघून तारीख ठरवायला हरकत नसते.

शिरेच्या प्रकारात : आधी रक्त पातळ करणारी औषधं सुरू होतात. गुठळी ताजी असेल तर नळीवाटे औषध सोडून ती विरघळवतात. हे जितकं लवकर तितकं चांगलं, साधारण पहिल्या दोन आठवड्यांत. त्यानंतर शिरेवरचा दाब काढण्यासाठी बरगडी काढण्याचा सल्ला देतात. बरगडी तशीच ठेवून शिरेत नुसता स्टेंट बसवणं योग्य समजलं जात नाही, कारण दोन हाडांच्या मधे तो चेपतो, मोडतो. असा सल्ला मिळाला तर दुसऱ्या तज्ज्ञाला दाखवा.

धमनीच्या प्रकारात : ऑपरेशन बहुतेक वेळा लागतंच आणि ते लवकर करावं लागतं. हाडाचा दाब काढतात आणि खराब झालेली धमनी दुरुस्त करतात. इथे ‘एवढी सुगी होऊ द्या’ म्हणू नका.

ऑपरेशनचा निकाल प्रत्येकाचा वेगळा येतो, हेही समजून घ्या. अमेरिकेचा बास्केटबॉलपटू मार्केल फुल्ट्झ याला डिसेंबर २०१८ मध्ये हाच आजार असल्याचं निदान झालं. त्यानं फिजिओथेरपी घेतली आणि पुढच्या हंगामात तो पुन्हा खेळू लागला. स्टीफन स्ट्रासबर्ग हा बेसबॉलपटू २०१९ च्या अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू. त्याचं २०२१ मध्ये ऑपरेशन झालं, पण त्यानंतर त्याला मोठा सामना एकच खेळता आला. ऑपरेशन वाईट असा याचा अर्थ नाही. कित्येकांना त्यानं चांगला आराम पडतो. पण ‘शंभर टक्के बरं होईल’ असं कोणी सांगत असेल तर ते खरं मानू नका.

ऑपरेशनमध्ये काय करतात?

पूर्ण भूल देतात. कॉलर बोनच्या वरून किंवा काखेतून छेद घेतात. काही मोठ्या ठिकाणी दुर्बिणीनंही करतात. मानेच्या बाजूचे आवळणारे स्नायू कापतात किंवा काढतात, पहिली बरगडी काढतात, जादा बरगडी असेल तर तीही काढतात. पहिली बरगडी गेल्यानं छाती खचत नाही, श्वास किंवा हात अधू होत नाही. बाकीच्या बरगड्या छातीला पुरेशा आधार देतात.

धोके कमी असले तरी आहेत, ते विचारून घ्या : फुप्फुसाभोवती हवा शिरणे, रक्तस्राव, हाताच्या चेतातंतूंना इजा होऊन हात कमजोर पडणे, श्वासाच्या पडद्याच्या चेतातंतूला इजा होऊन धाप लागणे, पाठीचं फावड्याचं हाड बाहेर येणे, काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बधिरपणा राहणे. काहींना पुढे जखमेच्या व्रणामुळे त्रास पुन्हा सुरू होतो. हे ऑपरेशन दररोज होणारं नाही. म्हणून ते नेहमी करणारे सर्जन शोधणं सगळ्यात महत्त्वाचं. छाती आणि रक्तवाहिन्यांचे सर्जन, काही ठिकाणी न्यूरोसर्जन हे करतात. शीर किंवा धमनी दबली असेल तर रक्तवाहिन्यांचेच सर्जन हवेत.

ऑपरेशननंतर

साधारण काही दिवस दवाखान्यात राहावं लागतं. छातीत किंवा जखमेजवळ नळी असू शकते. दीर्घ श्वासाचे व्यायाम पहिल्या दिवसापासून करायचे. हात बांधून ठेवायचा नाही, सांगितल्याप्रमाणे हळूहळू हलवायचा, नाहीतर खांदा आखडतो. हलकं घरकाम काही आठवड्यांत जमतं. पोती उचलणं, पंप पाठीवर घेणं, ट्रॅक्टर दिवसभर चालवणं यासाठी साधारण दोन ते तीन महिने किंवा डॉक्टर सांगतील तेवढे दिवस धीर धरा. फिजिओथेरपी ऑपरेशननंतरही लागतेच. मजुरीवर घर चालत असेल तर हे दोन-तीन महिने कसे काढायचे, दूध काढायला, पाणी द्यायला कोण, याचं नियोजन तारीख ठरवण्याआधी करा.

घरी आल्यावर ताप, जखमेतून पू, धाप, हातावर पुन्हा सूज किंवा हात गार पडणं, यातलं काहीही झालं तर लगेच परत जा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर मनानं बंद करू नका. ऑपरेशनच्या काही आठवडे आधीपासून तंबाखू, विडी बंद ठेवा, जखम लवकर भरते.

खर्च आणि योजना

- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतात. भरती होण्याआधी त्यांना भेटा, डॉक्टरांनी लिहिलेलं ऑपरेशनचं नाव दाखवा आणि ते योजनेत बसतं का, मंजुरी कधी येईल, हे विचारा. मंजुरीआधी पैसे भरू नका. माहितीसाठी फोन : १५५३८८ किंवा १८००२३३२२००.
- आयुष्मान कार्ड असेल तर ते, रेशनकार्ड आणि आधार कार्ड मूळ प्रतींसह सोबत ठेवा.
- मुंबईचं केईएम, जेजे, पुण्याचं ससून अशा मोठ्या सरकारी, महापालिका रुग्णालयांत आधी बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. जिल्हा रुग्णालयातून संदर्भ चिठ्ठी घेऊन गेलात तर सोपं पडतं.
- धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत राखीव असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

दागिने मोडण्याआधी, सावकाराकडे जाण्याआधी या चार ठिकाणी चौकशी झालीच पाहिजे.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

कागदावर लिहून न्या. विचारायला घाबरू नका, चांगले डॉक्टर रागावत नाहीत.

१. माझ्यात चेतातंतू दबलाय, शीर की धमनी?
२. ते कोणत्या तपासणीवरून ठरवलं?
३. मानेचा मणका, मनगट, कोपर आणि फुप्फुस यांचा दोष नाही ना?
४. सहा महिने व्यायाम करून बघितला तर चालेल का? थांबल्यानं काय नुकसान होईल?
५. असं ऑपरेशन तुम्ही वर्षाला किती करता?
६. माझ्या बाबतीत किती फरक पडेल असं वाटतं? वेदना जाईल, मुंग्या जातील की ताकद येईल?
७. माझं काम शेतीचं, ओझ्याचं आहे. ते पुन्हा कधी करता येईल?
८. एकूण खर्च किती आणि योजनेत किती?

शक्य असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचंही मत घ्या. चेतातंतूंच्या प्रकारात त्यासाठी वेळ असतो. जाताना एक्स-रे, एमआरआयच्या फिल्म, रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घ्या, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. घरातलं एक समजदार माणूस सोबत ठेवा. घाबरलेल्या माणसाला डॉक्टरांचं निम्मं बोलणं ऐकूच येत नाही.

हाताला नुसत्या मुंग्या येत असतील तर घाईनं बरगडी काढायला जाऊ नका. हात सुजून निळा किंवा गार-पांढरा पडला असेल तर मात्र एक दिवसही घरी बसू नका. ‘नस दबली’ असं पुन्हा कानावर आलं की पहिला प्रश्न हाच विचारा : कोणती?

(ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. गावातल्या कोणाला असा त्रास असेल तर त्यांच्यापर्यंत हा लेख जरूर पोहोचवा.)